बंदर तर मुंबईलाही आहे, मग कोबेला काय बघायचं?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून सांगते. वय 62, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त जपानमध्ये, कोबे शहरात. येत्या नोव्हेंबरात ताई आणि त्यांचे यजमान 12 दिवसांसाठी त्यांच्याकडे निघाले आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. यजमानांनी वहीत यादी करून ठेवली आहे: टोकियो, फुजी, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा. कोबेच्या वाट्याला अर्धा दिवस. "तिथं बंदराशिवाय आहे काय? बंदर तर मुंबईलाही आहे," असं त्यांचं म्हणणं. ताईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. दोघंही शाकाहारी. मुलासुनेला सुट्टी फक्त शनिवार-रविवारी, आणि घर दोन खोल्यांचं. ताई विचारतात, "सगळं जपान पालथं घालायची माझ्यात ताकद नाही. पण एवढे पैसे घालून कोबेतच बसून राहिलो तर लोक हसतील. यजमानांची समजूत कशी घालू? आणि खरंच, आमच्यासारख्यांनी बघावं असं कोबेत काही आहे का?"

ताई,

तुमच्या चार पानांत यजमानांना काय बघायचंय ते आहे, शेजारीपाजारी काय म्हणतील ते आहे, मुलाला रजा का मिळत नाही तेही आहे. तुम्हाला काय बघायचंय ते मात्र एकाच ओळीत, आणि तीसुद्धा कंसात घातलेली: "(मुलगा म्हणतो, मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो आणि पुढच्या गॅलरीतून बोटी, आई तुला आवडेल.)" मी तो कंस तेवढा उघडते.

कोबे म्हणजे नेमकं तेच आहे. उत्तरेला रोक्को डोंगराची रांग, दक्षिणेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबट पसरलेलं शहर. तिथली माणसं पत्ता सांगताना डावं-उजवं फारसं करत नाहीत. "डोंगराच्या बाजूला", "समुद्राच्या बाजूला" असं सांगतात. काही वर्षांपूर्वी भाचीकडे मी तिथं अडीच आठवडे राहिले होते. एक अक्षर जपानी येत नसताना तिसऱ्या दिवसापासून एकटी हिंडायला लागले, कारण मान वर केली की डोंगर दिसायचा आणि तो दिसला की घर कुठं ते कळायचं. टोकियोत असं होत नाही. तिथं भुयारी स्टेशनातून चुकीच्या दारानं बाहेर पडलं की माणूस रडकुंडीला येतो. "मुलगा सोबत नसेल तर आम्ही काय करणार?" ही तुमची काळजी टोकियोला लागू आहे, कोबेला फारशी नाही.

आता यजमानांचं वाक्य. "बंदर तर मुंबईलाही आहे." त्यांना सांगा, बरोब्बर बोललात, पुढचं ऐका. कोबेचं बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं ते 1 जानेवारी 1868 ला. पुढं जपानात सूतगिरण्या निघाल्या आणि त्यांना कापूस लागायला लागला. कापूस होता आपल्याकडे, पण मुंबईहून तो नेणाऱ्या विलायती जहाज कंपन्यांचं भाडं भारी. तेव्हा जमशेदजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि 1893 च्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबेहून मुंबईला निघालं. जपानी जहाजांची लांब पल्ल्याची पहिली नियमित फेरी ती हीच, कोबे ते मुंबई. विलायती कंपन्यांनी भाडी पाडून पाहिली, पण फेरी टिकली. म्हणजे तुमचे यजमान ज्या दोन बंदरांची तुलना करून एकाला मोडीत काढताहेत, ती एकेकाळी एकाच दोरीची दोन टोकं होती. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला (तुमच्या पत्रावरून ते तसे वाटतात) एवढं पुरेल असा माझा अंदाज आहे.

ती दोरी आजही हाताला लागते. सान्नोमिया हे कोबेचं मधलं स्टेशन. तिथून डोंगराच्या बाजूला चढत गेलं की कितानो ही वस्ती लागते. बंदर खुलं झाल्यावर परदेशी व्यापाऱ्यांनी इथं घरं बांधली. पर्यटक येतात ते ही घरं बघायला. कोंबड्याच्या आकाराचं वातदर्शक मिरवणारं लाल विटांचं घर 1909 चं, एका जर्मन व्यापाऱ्याचं. फिकट हिरवं लाकडी घर 1903 चं, अमेरिकन वकिलाचं; म्हणजे कोर्टातला नव्हे, दूतावासातला. घरं सुरेख आहेत, पण खरं सांगू? दोन बघा आणि थांबा. प्रत्येक घराला वेगळं तिकीट, आत जिने, आणि तिसऱ्या घरानंतर सगळी झुंबरं सारखीच दिसायला लागतात. जुनी घरं डागडुजीसाठी अधूनमधून बंदही असतात, म्हणून निघायच्या आधी सुनेला फोनवर तपासायला सांगा.

त्यापेक्षा त्याच उतारावरच्या दोन इमारतींसाठी वेळ ठेवा. एक म्हणजे भगवान महावीरस्वामींचं जैन मंदिर. 1985 मध्ये बांधलेलं, पांढऱ्या संगमरवराचं, शिखर-कमानींसकट आपल्याकडचंच. आजूबाजूला अपार्टमेंट, समोर अरुंद रस्ता, त्यात एखादी चपटी जपानी गाडी लावलेली, आणि मध्येच हे. इथं मंदिर का, तर मोत्यांमुळे. जपानी मोत्यांचा व्यापार कोबेत एकवटला आणि त्या धंद्यात गुजराती जैन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत. सिंधी कापडव्यापारी त्याही आधीचे. 1923 च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच हिंदी व्यापारी कोबेला आले आणि इथलेच झाले. दुसरी इमारत त्याच उतारावर, थोडी खाली: 1935 ची मशीद, जपानमधली पहिली. तिच्या वर्गणीतही हिंदी व्यापाऱ्यांचा हात होता. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात आसपासचं शहर जळलं, ती उभी राहिली. 1995 च्या भूकंपातही उभी राहिली.

भूकंपाचं जरा सविस्तर सांगते, कारण कोबे बघायचं तर हे टाळून चालत नाही. 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. 6,434 माणसं गेली. आपल्याकडे किल्लारी होऊन तेव्हा सव्वा वर्षच झालं होतं, तेही पहाटेच. बंदराजवळ मेरिकेन पार्क नावाची मोठी मोकळी बाग आहे. लोक तिथं अक्षरांच्या शिल्पापुढं फोटो काढतात आणि जातात. तुम्ही थोडं पुढं पाण्याच्या कडेला जा. धक्क्याचा 60 मीटरचा तुकडा भूकंपानं मोडला तसाच ठेवलाय. फरशा खचून पाण्यात गेलेल्या, मधे हातभर भेगा, दिव्याचे खांब वाकलेले. कठड्याशी उभं राहून बघायचं, वर हिंडायचं नाही. बाकी अख्खं शहर त्यांनी पुन्हा उभारलं, एवढा तुकडा तेवढा मुद्दाम दुरुस्त केला नाही. मी तिथं पंधरा मिनिटं उभी होते. खालच्या फटींत पाणी शिरायचं आणि बाहेर पडायचं, तेवढाच आवाज. तिकीट नाही, जिना नाही.

ज्यांना आणखी समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी शहराच्या पूर्वेकडे भूकंपाचं मोठं संग्रहालय आहे, 2002 पासूनचं. त्या दिवशी वाचलेली माणसंच तिथं स्वयंसेवक म्हणून आपली हकिगत सांगतात. जड जातं. तुमच्या यजमानांना नक्की न्या. तुम्हाला पुरेसं वाटलं तर तुम्ही धक्क्यावरच थांबा. एकाच दिवशी दोन्ही नकोत.

मेरिकेन पार्कच्या शेजारीच लाल रंगाचा पोर्ट टॉवर, 1963 चा, उंची 108 मीटर, कंबर बारीक. तिथले लोक त्याला त्यांच्या वाद्याची उपमा देतात, आपल्याला डमरूच आठवतो. दुरुस्ती होऊन तो 2024 मध्ये पुन्हा उघडला. लिफ्ट आहे. पण वर जाण्यापेक्षा तो संध्याकाळी समोरच्या हार्बरलँडच्या बाकावरून बघणं मला जास्त भावलं: एका बाजूला टॉवर, मागे डोंगर, पाण्यात दोन्हींचे दिवे. तिथूनच तास-पाऊण तासाच्या बोटीच्या फेऱ्याही निघतात.

गुडघ्यांविषयी. कोबे चढउताराचं शहर आहे, हे लपवत नाही. पण चढण एकाच दिशेला आहे, डोंगराकडे. समुद्राची बाजू सपाट. म्हणून युक्ती अशी: वर जाताना वाहन, खाली येताना पाय. सिटी लूप नावाची बस बंदर, कितानो, शिन-कोबे अशी फिरते. तिच्या दिवसभराच्या पासावर कुठंही चढा, कुठंही उतरा. डोंगरावर जायचं तर शिन-कोबे स्टेशनजवळून रोपवे आहे, दहाएक मिनिटांचा. वाटेत पायाखाली नुनोबिकीचा धबधबा आणि जुनं धरण दिसतं, वर वनौषधींची बाग. धबधब्यापर्यंत चालतही जाता येतं, पण पायऱ्या आहेत. तो भाग यजमानांना द्या. या झऱ्यांचं पाणी जहाजांवर भरून नेत आणि विषुववृत्त ओलांडलं तरी ते नासत नाही अशी खलाशांत ख्याती होती म्हणतात. पाऊस आला तर मोतोमाची ही छत असलेली बाजारगल्ली, किलोमीटरभर सरळसोट आणि सपाट. तिच्या बाजूलाच नानकिनमाची, म्हणजे चिनी वस्ती. वाफाळत्या टोपल्या बघण्यापुरतं ठीक, खाण्यात तुमच्या कामाचं फार नाही.

इकुता देऊळही सान्नोमियाच्या ऐन गजबजाटात आहे. कोबे हे नावच या देवळामुळं पडलं. देवस्थानाच्या चरितार्थासाठी लावून दिलेल्या घरांना 'कानबे' म्हणत, त्याचं झालं कोबे. देवस्थान इनाम म्हटलं की आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता जेवण. "तिथं आम्ही उपाशी राहू" या भीतीत अर्धं तथ्य आहे. कोबे जगाला माहीत आहे ते गोमांसासाठी. गल्लोगल्ली पाट्या दिसतील, त्याची मनाची तयारी ठेवा. पण खरी फसगत पाटीवर दिसत नाही. मी एका छोट्या दुकानात भाज्या घातलेले जाड शेवयांचे उदोन मागवले, मांस-मासे दिसत नाहीत म्हणून निम्मे संपवले, मग भाची आली आणि म्हणाली, "मावशी, हे पाणी माशाचं आहे." त्या पाण्याला 'दाशी' म्हणतात आणि ते सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात असतं. म्हणून मुलाकडून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही. अंड्याचं काय ते तुमचं तुम्ही ठरवून त्यात घाला. तयार करीच्या वड्यांतही मांसाची चरबी असू शकते, ती चिठ्ठी तिथंही दाखवा. उलट बाजू अशी की हिंदी वस्ती जुनी असल्यामुळं भारतीय हॉटेलं आणि किराणा कोबेत सहज मिळतो. आणि पाव! परदेशी वस्तीमुळं हे बेकऱ्यांचं गाव आहे. एका जर्मन घराण्याची फ्रॉइंडलिब ही बेकरी तर जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. वर उंच छताखाली बसून कॉफी प्यायची. सामानात मेतकूट, भाजणी न्या. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं मात्र नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात.

राहता राहिली यादी. तीन वाटा दिसतात.

पहिली, वहीतली. 12 दिवसांत सहा ठिकाणं, म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा बांधणं. यजमानांचं मन भरेल, तुमचे गुडघे तिसऱ्या ठिकाणी बोलतील, आणि मुलासुनेची भेट विमानतळावर होईल. दुसरी, नुसतं कोबे. तुम्हाला चालेल, पण यजमान रोज संध्याकाळी "आलो कशाला" म्हणतील आणि त्यात तुमचा कोबेचा आनंदही जाईल. मी तिसरी सुचवते: मुक्काम कोबेला ठेवून बाकीचं पायरीपायरीनं. सान्नोमियाहून ओसाका जलद गाडीनं वीसेक मिनिटं, क्योटो पाऊण-एक तास, हिमेजी साधारण चाळीस मिनिटं. नाराला गाडी न बदलता दीडएक तासात पोचता. शिन-कोबेहून बुलेट ट्रेननं हिरोशिमा सव्वा तासाच्या आसपास. सगळं सकाळी निघून रात्री घरी. हिमेजीचा पांढरा किल्ला यजमानांच्या यादीत नाही, ही चूक आहे. तो घाला आणि ओसाका काढा. फक्त किल्ल्याच्या आत उभे लाकडी जिने आहेत. तुम्ही खालच्या मैदानात बसा, तिथूनच तो जास्त छान दिसतो.

या सगळ्यासाठी देशभराचा रेल्वे पास आपोआप घेऊ नका. 2023 च्या ऑक्टोबरपासून तो बराच महाग झालाय, सात दिवसांचा साधा पास तेव्हा 50,000 येन झाला. वरच्या फेऱ्यांना तो परवडत नाही. इकोका नावाचं कार्ड घ्या, त्यात पैसे भरा, बस-रेल्वे दोन्हीला चालतं.

आणि टोकियो-फुजी? दचकू नका, पण यजमानांना एकट्यांना जाऊ द्या. दोन रात्री. शनिवार-रविवार असेल तर मुलगा सोबत जाईल, बापलेकांना तेवढाच वेळ मिळेल. शिन-कोबेहून टोकियो पावणेतीन तास. बुलेट ट्रेनमध्ये 'ई' अक्षराची खिडकीची जागा घ्यायला सांगा. हवा स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो, येताना आणि जातानाही. तुम्ही दोन दिवस सुनेबरोबर राहा. नवराबायकोनं परदेशात प्रत्येक गोष्ट जोडीनं बघितली पाहिजे असा नियम कोणी केला, मला माहीत नाही. बँकेत तुम्ही दोघं एका काउंटरवर बसत नव्हता ना?

लोक हसतील म्हणता, तर यजमान फुजीचा फोटो आणतीलच. तो दाखवा. मशिदीच्या खालच्या गल्लीत मोत्यांची दुकानं आहेत हेही सहज सांगा. हसणं थांबून चौकशी सुरू होईल.

समजूत कशी घालू, हे तुम्ही विचारलंत. वाद घालू नका, वही मागा. त्यांच्या यादीखाली तुमच्या अक्षरात तुमची यादी लिहा आणि मग दोघं मिळून खोडा. आजवर एकाच हस्ताक्षरात यादी होती म्हणून ती अंतिम वाटत होती. यजमानांना खूश करायला एक गोष्ट मुद्दाम घाला: आकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल. 1998 चा, दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1,991 मीटर. 2022 पर्यंत जगात सर्वांत लांब. मूळ आराखड्यात 1,990 होतं. बांधकाम चालू असताना तो भूकंप झाला, मनोरे सरकले आणि अंतर मीटरभरानं वाढलं. मग इंजिनिअरांनी पुढचा पूल तेवढा बदलून घेतला. माइको स्टेशनवर उतरलं की पूल डोक्यावर. आत काचेच्या जमिनीवरून खाली समुद्र दिसतो. हे ऐकून कोणताही मराठी नवरा दोन तास तिथं काढेल.

शेवटी दोन खोल्यांच्या घराचं. बारा दिवस चार माणसं म्हणजे सकाळी बाथरूमची रांग. मधे एक रात्र तुम्ही दोघं आरिमाला काढा. डोंगरापलीकडचं गरम झऱ्यांचं जुनं गाव, बसनं अर्धा-पाऊण तास. मुलासुनेला घर मिळेल, तुम्हाला गुडघे शेकायला मिळतील. तिथं स्नानगृहात कपडे न घालता उतरायची रीत आहे, बायका-पुरुष वेगवेगळे. संकोच वाटणारच, मलाही वाटला. नसेल जमत तर 'किन नो यू' या सार्वजनिक स्नानगृहाच्या बाहेर पाय बुडवून बसायचं कुंड आहे, फुकट. पाणी गंजाच्या रंगाचं, लोहाचं आणि खारं. सलवार गुडघ्यापर्यंत वर करून शेजारच्या जपानी आजीबाईंना मान लववायची आणि बसायचं. टॉवेल मात्र घरचा जुना न्या. डाग जात नाहीत.